चिपवरचा आळ

जोयाने चिमट्याने चार्जिंगच्या भोकातून तांदळाचा दाणा ओढून काढला आणि भिंगाखाली धरला. तीन फोनमधून निघालेला हा पाचवा दाणा.

"पाण्यात पडले होते का, मावशी?"

"न्हाय गो. पान्यात कशाला पडतील?" ठमाबाई काउंटरपलीकडच्या स्टुलावर पाय वर घेऊन बसली होती. "ऐकू नये म्हनून ठेवलेले. तांदलाच्या डब्यात, आठ दिस."

"तांदळातून ऐकू येतं."

"ते आमाला नंतर कललं."

निजामपुऱ्यातल्या त्या गल्लीत दोन्ही बाजूंनी लूमचा खडखडाट चालू असे. जोयाच्या दुकानात बोलायचे तर ओरडावे लागे. त्यामुळे इथे गुपित सांगायला येणारा माणूस एकतर भोळा असायचा किंवा फार हुशार. ठमाबाई कुठल्या रांगेतली, हे जोयाला अजून ठरवता येत नव्हते.

पिशवीतले तेराही फोन एकाच जातीचे. वडपे गावातल्या गोदामात माल पॅक करणाऱ्या बायकांना ठेकेदाराने दिवाळीला भेट दिलेले, हजेरीचे अ‍ॅप आत घालूनच. भेट देताना त्याने फोटोही काढून घेतला होता. बायकांनी तेव्हा हसून उभे राहायचे, एवढेच काम केले.

भांडण होते संडासाच्या किल्लीवरून. गोदामातल्या बायकांच्या संडासाला कुलूप, आणि किल्ली सुपरवायझरच्या केबिनमध्ये. जायचे तर त्याच्यासमोर उभे राहून मागायची. तो हातातले काम संपवून, ड्रॉवर धुंडाळून, सावकाश द्यायचा. ठमाबाईच्या ओटीवर सगळ्या जमल्या तेव्हा ती म्हणाली होती, "आपल्याला मुतायला जायचं तर या बाप्याची परवानगी कशाला?" तिसऱ्या दिवशी सुपरवायझरने किल्ली पुढे करत हेच वाक्य तिला शब्दन् शब्द ऐकवले. आठवड्याभरात दोघींची शिफ्ट बदलली, बाकीच्या गप्प झाल्या.

"आता मोठा साहेब बोलतो, शिफ्टच्या चौदाच्या चौदा बायांची सही आना, किल्ली तुमच्याकडं देतो. पन ह्या सुपरवायझरला आधी कललं तर परत फोडंल आमाला."

"चौदा. फोन तर तेराच आहेत."

ठमाबाईने पिशवीची घडी घातली, मोडली, परत घातली.

"चौदावी रीमा. तिचा दीर विपुल त्या सुपरवायझरच्या केबिनीत बसतो, लिहायला. पोरी बोलतात, तिनंच सांगितलं. डबा खायला तिला कोन जवल घेत न्हाय. ती तिकडं खोक्यांच्या मागं बसून खाते, एकटी." मग जरा थांबून, "तू बघ तर खरी. फोनमदी काय सापडतं का."

दोन दिवसांनी जोयाने तेरा फोन काउंटरवर ओळीने मांडले. ती खुशीत होती, आणि खुशीत असली की ती भराभर बोलते.

"कंपनीचं सगळं सॉफ्टवेअर काढून टाकलं. आता यात जे आहे ते कुणा एकाच्या मालकीचं नाही. जगभरचे लोक मिळून लिहितात. कुणीही उघडून वाचावं, बदलावं, दुसऱ्याला द्यावं. हजेरीचं अ‍ॅप एका वेगळ्या खोलीत कोंडलंय. हजेरी लागेल, पण घरभर फिरणार नाही."

"तू वाचलंस सगलं?"

"सगळं कुठलं? थोडं."

"बाकीचं?"

"बाकीचं बाकीच्यांनी."

"त्यांना वलखतेस?"

"नाही."

"आनि मला बोलतेस, इस्वास ठेव." ठमाबाई हसली, समोरचा एक दात नव्हता तिथून हसू जास्त बाहेर आले. मग काउंटरवरून पुढे वाकून तिने विचारले, "आधीचं काय? ऐकत व्हता का फोन?"

"ते अ‍ॅप तुम्ही कुठे आहात ते सांगत होतं. पण माइकला त्याने हात लावल्याचं कुठे दिसलं नाही. मी तेराही तपासले."

"कायच न्हाय?"

"काही नाही."

"नीट बघितलंस?"

चांगली बातमी ऐकून गिऱ्हाइकाचा चेहरा पडलेला जोयाने पहिल्यांदाच पाहिला. ठमाबाई फोनकडे बघत नव्हतीच. ती रस्त्यापलीकडे कुठेतरी बघत होती.

आतल्या बाकावर जोयाचे अब्बा, गुलाम हुसेन, पेपर वाचत होते. तीस वर्षे त्यांनी एका सेठकडे कापड तपासले. काचेच्या टेबलावरून कापडाचा ताका ओढायचा, जिथे धागा तुटलेला तिथे किनारीला लाल दोरा बांधायचा आणि माल तसाच व्यापाऱ्यापुढे ठेवायचा. ज्या ताक्याला एकही दोरा नाही तो व्यापारी पुरता उलगडून बघायचे. गुलाम हुसेनने दोरे बांधलेला ताका न उलगडता उचलायचे. पेपरामागून ते म्हणाले, "जोया, दोरा बांधला का?"

जोयाचा वेग उतरला.

"हो, ते राहिलंच. मावशी, एका गोष्टीची हमी मी देत नाही. सॉफ्टवेअर वाचता येतं. पण आत एक चिप असते, टॉवरशी बोलणारी. तिचा कारभार वेगळा, तो बनवणाऱ्याने बंद ठेवलाय. ती काय करते, काय करत नाही, मला दिसत नाही. मलाच काय, बाहेरच्या कुणालाच दिसत नाही."

ठमाबाईचे पाय स्टुलावरून खाली आले.

"म्हंजे ती ऐकत असंल?"

"असेल असं मी म्हणत नाही."

"नसंल असं बोलशील?"

"...नाही."

"रविवारी ये माज्या घरी," ठमाबाई फोन पिशवीत भरत म्हणाली. "हेच बोल. एक शब्द कमी नको, एक जास्त नको."

रविवारी दुपारी ठमाबाईच्या ओटीवर तेरा बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. रीमालाही बोलावणे होते. ती उंबऱ्यापाशी बसली. आत नाही, बाहेर नाही. पंचविशीची असेल. कुणी तिच्याकडे बघत नव्हते, आणि न बघण्याचे काम प्रत्येकजण मन लावून करत होती.

जोयाने सांगितले. तेच, तेवढेच.

"म्हणजे फोननं काय केलं नाही," क्षितिजा म्हणाली. शिफ्टमधली सगळ्यांत तडफदार पोरगी. "मग सुपरवायझरला वाऱ्यानं सांगितलं?"

दोन-तीन माना उंबऱ्याकडे वळल्या. रीमा अंगठ्याच्या नखावरचा रंग खरवडत होती.

"अ‍ॅपने केलेलं दिसलं नाही," जोया म्हणाली. "चिपचं मला सांगता येत नाही."

"ऐकलंस?" ठमाबाई क्षितिजाला म्हणाली. "एवढी शिकलेली पोर, तिला सांगता येत न्हाय. तुला सांगता येतं? तू बघितलंस आत शिरून?"

"तसं नाही मावशी, पण..."

"पन काय? फोन कुनी दिला? ठेकेदारानं. त्याचा मानूस कोन? सुपरवायझर. आनि आपन आठ दिस आपल्याच पोरीला खोक्यांमागं बसवली. चिप होती ती. झालं. आता कागद काढ."

क्षितिजाने कागद काढला. तो रांगेतून सरकत गेला, कुणी सही केली, कुणी अंगठा. उंबऱ्याजवळ पोचला तेव्हा रीमाने पेन उचलले, खाली ठेवले, हात साडीला पुसला, परत उचलले. सही करून कागद ती परत द्यायला लागली तर ठमाबाई म्हणाली, "ठेव तुज्याकडंच. बुधवारी मोठा साहेब येतो. तूच दे त्याच्या हातात."

क्षितिजाने तोंड उघडले, ठमाबाईने तिच्याकडे बघितले, तिने मिटले.

शुक्रवारी ठमाबाई दुकानात आली ती हातात गरम भजीचा पुडा घेऊन.

"भेटली किल्ली! आता आमच्या जेवनाच्या टेबलाजवल खिला मारून टांगलीय. सुपरवायझरचं तोंड बघायला पायजे व्हतं तू. त्याला कायच ठाव नव्हतं. साहेबानं बोलावलं तवा कललं."

जोयाने टेबलावर थाप मारली. "बघितलंत? म्हटलं होतं ना! सॉफ्टवेअर बदललं आणि बातमी बंद!"

"तर काय," ठमाबाई म्हणाली आणि एक भजी तोंडात टाकली.

"आणि रीमाताई?"

"तिनंच दिला कागद. रविवारपासून तिच्याच पिशवीत व्हता. सोमवारी दोन घास माज्या डब्यातले खाल्ले तिनं, मंगलवारी क्षितिजाच्या."

"त्यांचा फोन तेवढा राहिलाय. पाठवून द्या, बदलून देते."

"राहू दे."

"राहू दे कसं? तो जुनाच आहे, सगळं तसंच आहे आत. तो जर ओटीवर..."

"व्हता ना. रविवारी तिच्या मांडीवरच व्हता. सोमवारी, मंगलवारी डबा खाताना मदी ठेवलेला, आमी बोलत व्हतो तिथंच. चालू."

जोयाचा हात भजीच्या पुड्यापर्यंत जाऊन थांबला. तिने ठमाबाईकडे बघितले. ठमाबाई बोटाला लागलेले तेल पदराच्या टोकाला पुसत होती, एकेक बोट, अगदी सावकाश.

"म्हणजे मावशी, फोन तर..."

"चिप व्हती ती," ठमाबाई म्हणाली. "कोनी इचारलं तर तेच सांगायचं."

बाहेर एक गिऱ्हाईक येऊन उभे राहिले होते. जोयाने त्याला हाताने थांबायची खूण केली आणि भजी उचलली.

"मला तर आतलं दिसत नाही," ती म्हणाली.

"मला पन," ठमाबाई म्हणाली. "खा, गार होतील."