घळीच्या काठावरची खुर्ची

मी एक प्लास्टिकची खुर्ची बोलतेय. रंग मरून, पाठीवर वरपासून खालपर्यंत एक पांढरा ओघळ. हा डाग कुणी पाडलेला नाही, जन्मापासूनच तो माझ्या अंगावर आहे.

सिल्वासाजवळच्या नरोलीच्या एका कारखान्यात मी जन्मले. गरम प्लास्टिक साच्यात शिरलं, साचा मिटला, उघडला आणि मी बाहेर पडले. मिनिटभराचं बाळंतपण! मशीनवर वाल्मिक होता. तो अमळनेरकडचा, बारा वर्षांपासून खुर्च्याच काढतोय. त्या दिवशी रंग नीट मिसळला नव्हता. सुपरवायझरने माझी पाठ पाहिली आणि गुजरातीत म्हणाला, "आ सेकंड मां मूकी दे." म्हणजे हिला दुय्यम मालात टाक. झालं! माझ्या बहिणी ट्रकात चढून गावोगावच्या लग्नांना गेल्या आणि मी कोपऱ्यात पडले. पुढे दिवाळीला असे डागी नग कामगारांना वाटले, तेव्हा वाल्मिक मला उलटी करून डोक्यावर घेऊन खोलीवर आला.

खोलीवर त्याची आई होती, बायडाबाई. जन्मभर जमिनीवर बसलेली बाई. गुडघे गेले होते आणि साखर जास्त म्हणून डॉक्टर ऑपरेशनला हात लावत नव्हते. पहिल्यांदा बसली ती अगदी कडेला, पाहुणीसारखी. आठवडाभरात मात्र मी तिची झाले. तूर निवडायची माझ्यावर, केस विंचरायचे माझ्यावर, आणि शेजारणीच्या पोरांना रागे भरायचं तेही माझ्यावरूनच. पण उंबऱ्याबाहेर ती जात नसे. कुठे जायचं निघालं की तिचं एकच वाक्य, "तुम्ही जा, मी घर सांभाळते." त्या एका खोलीत सांभाळण्यासारखं काय होतं, ते मला तरी दिसलं नाही.

हे वाक्य एका माणसाला अजिबात पटत नव्हतं. ती कावेरी, वाल्मिकची बायको. सुताच्या कारखान्यात ती साठ बायकांची पाळी लावते. कोण कुठे उभं राहील, कोण कधी जेवेल, सगळं तिच्या डोक्यात पक्कं असतं. खानवेलच्या पुढे घाट चढून गेलं की नदीने कातळ चिरून केलेली एक घळ आहे. नकाशावर तिला मोठं नाव नाही, आसपासचे लोक तिला नुसती घळच म्हणतात. कावेरीने ठरवलं की दिवाळीनंतरच्या तिसऱ्या रविवारी आत्याला तिथे न्यायचं. सासूला ती आत्या म्हणते.

"माले नही येनं," बायडाबाईने हात झटकला. "माझ्यापायी तुमचंही पाहणं राहील."

"राहणार नाही. मी बघून आलेय," कावेरी म्हणाली.

खरंच ती आदल्या रविवारी एकटी स्कूटरवर जाऊन आली होती. गाडी जिथे थांबते तिथून कठड्यापर्यंत किती पावलं, तिने मोजली होती. एकशे बासष्ट. वाट सपाट, पायऱ्या नाहीत. सावली सकाळी दहापर्यंत, म्हणून निघायचं सहाला. पावसाचं पाणी नदीत अजून असेल आणि दगड सुकलेले असतील, म्हणून हाच महिना. सगळं तिने कॅलेंडरच्या फाटक्या पानामागे लिहून भिंतीला चिकटवलं. शेवटची ओळ होती, ‘दर तीस पावलांना खुर्ची.’

ती खुर्ची म्हणजे मी.

मग चाळीच्या गॅलरीत तालीम सुरू झाली. तीस पावलं चालायचं, मला टेकवायचं, बायडाबाईने बसायचं, पुन्हा उठायचं. शेजारी दारात उभे राहून बघत. पहिल्या दिवशी बायडाबाई लाजून लाल झाली. चौथ्या दिवशी कावेरी मला टेकवायला विसरली, तर तीच ओरडली, "अगं, तीस झाले ना!"

रविवारी कल्पेशची व्हॅन आली. कल्पेश शेजारच्या गल्लीतला, जन्म सिल्वासातलाच. त्याने मला छतावर बांधलं आणि बायडाबाईला पुढच्या सीटवर बसवलं. "बा, तुम्ही फक्त बसा. वळणं मी बघतो," तो म्हणाला. गुजरातीत बा म्हणजे आई.

घाट लागेपर्यंत बायडाबाई बडबडत होती. घाट लागला आणि ती गप्प झाली. छतावरून मला तिचा फक्त आवाज येत होता, तोही बंद झाला. वाल्मिकने विचारलं, "माय, मळमळतंय का?" उत्तरादाखल काच खाली सरकल्याचा आवाज आला.

गाडी थांबते तिथे सुमनची चहाची टपरी आहे. तिथून आम्ही निघालो. तीस पावलं, बसणं. तीस पावलं, बसणं. चार वेळा हिशेब अगदी बरोबर जमला. आणि पुढे बघतो तर वाटभर खडी! रस्ता दुरुस्त करायला कुणी तरी चार दिवसांपूर्वी ट्रक ओतून गेलं होतं. धडधाकट माणसाचा पायही सरकेल अशी सुटी, अणकुचीदार खडी, थेट कठड्यापर्यंत, चांगली चाळीस पावलं. कावेरी पाहायला आली होती त्या दिवशी ती नव्हती.

कावेरीचं तोंड उतरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

बायडाबाई माझ्यावर बसली आणि म्हणाली, "बस, झालं. पाणी इथून ऐकू येतंय. मागच्या खेपेलाही एवढंच ऐकलं होतं."

"मागच्या खेपेला?" वाल्मिक चमकला. "तू कधी आली होतीस इथे?"

"तू पोटात होतास," ती म्हणाली. "तुझा बाप आणि मी ह्या रस्त्यावर कामाला होतो. दोन महिने डोक्यावर दगड वाहिले. खाली दिवसभर पाणी गर्जायचं. मुकादम म्हणायचा, काठाला जाऊ नका, चक्कर येईल, काम थांबेल. आम्ही म्हणायचो, उद्या पाहू. मग एक दिवस काम सरलं. ट्रॅक्टरमध्ये घातलं आणि नेलं आम्हाला."

वाल्मिक खडीकडे बघत राहिला.

मग कावेरी म्हणाली, "कल्पेशभाई, खुर्ची दोघांनी उचलता येईल?"

"उचलता येईल ना! हाताला नाही धरायचं, तो निसटेल. बैठकीच्या खालून धरू."

"मी काय मेले का, खांद्यावरून न्यायला?" बायडाबाई कडाडली. "लोक काय म्हणतील!"

कावेरी तिच्यासमोर उकिडवी बसली. "आत्या, दोन महिने तुम्ही इथे दगड वाहिलेत. आज तुमचा मुलगा तुम्हाला चाळीस पावलं नेतोय. ज्याला जे म्हणायचं ते म्हणू दे."

बायडाबाईने पदर खोचला. माझे दोन्ही हात घट्ट धरले आणि म्हणाली, "पाडू नका म्हणजे झालं."

माझं काम बसवून घेण्याचं, माणसासकट उचलून घेण्याचं नव्हे. तसं मला कुणी बनवलेलंच नाही. वाल्मिकची आणि कल्पेशची बोटं माझ्या पोटाखाली रुतली, मी मधोमध लवले, कुठे तरी करकर वाजलं. पण ज्याने मला साच्यातून काढलं होतं त्याला माझा जाड भाग कुठला आणि पातळ कुठला हे ठाऊक होतं. "डावीकडे अजून आत धर," तो कल्पेशला सांगत होता. कावेरी पुढे होऊन पायाने खडी बाजूला सारत होती. एकदा कल्पेशचा पाय घसरला. बायडाबाईने "आई गं!" केलं, आणि पुढच्याच क्षणाला खो खो हसली.

कठड्यापाशी त्यांनी मला टेकवलं.

खाली घळ होती. दोन्हीकडे काळा कातळ सरळ तासल्यासारखा, तळाशी हिरवं पाणी दगडांना धडका देत निघालेलं, आणि आमच्या पायांखालून पोपटांचा थवा उडत गेलेला. पोपटांच्या पाठी वरून पाहायच्या, हे मलाही नवीन होतं.

बायडाबाई किती तरी वेळ पाहत राहिली. मला वाटलं, रडेल. पण ती वाल्मिककडे वळून म्हणाली, "एवढं खोल होतं होय! आणि आम्ही पाटी घेऊन ह्याच काठाने पळायचो!" मग हळूच म्हणाली, "त्याने पाहायला पाहिजे होतं." वाल्मिक तिच्या पायाशी जमिनीवर बसला आणि बापाबद्दल एकेक विचारत गेला. दहाची सावली सरली तरी कुणी उठलं नाही. कावेरीनेही घड्याळ पाहिलं नाही.

परत येताना टपरीवर चहा झाला. तिथे सुरतेहून आलेली एक म्हातारी गाडीतच बसून होती. तिच्या घरचे घळ पाहायला गेले होते. बायडाबाईने तिच्याकडे पाहिलं, माझ्या पाठीवर थाप मारली आणि सुमनला म्हणाली, "ही इथेच राहू दे. आम्हाला काय, माझा पोरगा खुर्च्याच बनवतो."

तेव्हापासून मी सुमनच्या टपरीवर आहे. खडी केव्हाच डांबराखाली गेली. उन्हाने माझा रंग विटलाय, एका पायाला तारेचा वेढा आहे, पण अजून मी डगमगत नाही. आठवड्यात दोन-तीन माणसं तरी मला काठापर्यंत नेतात. कुणाला धाप लागते, कुणी अवघडलेली बाई असते, कुणी नुसतेच थकलेले असतात.

तुमच्या घरी कुणी मागे थांबणारं असेल, तर त्यांना घेऊन या. सुमनला सांगितलंत की ती मला बाहेर काढून देईल. एवढंच करा, जाताना मला परत टपरीवर आणून ठेवा. मागून कुणी ना कुणी येतच असतं.