तांब्याचा हातोडा

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा विकणारा घोडा देतो, दावं देत नाही. घेणाऱ्यानं आपली दोरी आणायची. बैलाचं तसंच, म्हशीचंही तसंच. जुनं दावं परत घरच्या खुंटीला गेलं की गोठ्याची बरकत गोठ्यात राहते, असं तापीकाठची माणसं मानतात. चुनीलाल पाटीलही मानत होता. त्यानं आजवर पस्तीसेक जनावरं विकली, दावं एकाचंही दिलं नाही. म्हणून १९६१ च्या जानेवारीत त्यानं आपली इटालियन गाडी विकली, तेव्हा गाडीबरोबरचा तांब्याचा हातोडा ठेवून घेतला. त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही.

गाडी त्यानं सात वर्षांपूर्वी गुजरातेतल्या एका लहानशा संस्थानिकाकडून घेतली होती. दोनच माणसं बसतील अशी, गुडघ्याएवढी बुटकी, पथारीवर वाळत घातलेल्या मिरचीसारखी लाल. पंचक्रोशीत तिला ‘इटालीण’ म्हणत. तिची चाकं सायकलीसारखी तारांची होती आणि प्रत्येक चाक मधल्या एकाच मोठ्या नटावर बसायचं. नटाला दोन पंख होते. त्या पंखांवर ठोके मारून नट सोडायचा आणि ठोके मारूनच आवळायचा. लोखंडानं मारलं तर पंख तुटत, म्हणून हातोडा तांब्याचा. संस्थानिकाच्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं चुनीलालला सांगितलं होतं, आवळताना सात ठोके मारायचे. चुनीलालनं सात वर्षांत कधी सहा मारले नाहीत की आठ.

असली गाडी त्यानं विकली, त्याला कारण त्याचा साडू सुकलाल.

दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, प्रमिलाबाई थोरली आणि रंजनाबाई धाकटी. दोघांची गावं तापीच्या एकाच काठावर, मध्ये फक्त केळीचे मळे. सुकलालनं विहिरीवर इंजिन बसवलं की चुनीलाल त्याहून मोठं बसवायचा. सुकलालनं ऊस लावला तर चुनीलालला त्या वर्षी कापूस नकोसा व्हायचा. पंधरा वर्षं हे चाललं होतं. इटालीण मात्र अशी गोष्ट होती की तिच्यापुढे सुकलालजवळ काही नव्हतं. त्याच्याकडे लष्कराची जुनी जीप होती. चुनीलालला रात्री छान झोप लागायची, ती या एका गोष्टीमुळे.

दत्तजयंतीच्या यात्रेत इटालिणीभोवती घोड्यांपेक्षा जास्त गर्दी जमली होती. सुकलाल गर्दीतून वाट काढत आला, गाडीच्या नाकावर हात ठेवला आणि म्हणाला, "चुनीभाई, आते हिले पेन्शन दी टाका."

"काब्र?" चुनीलालनं कारण विचारलं.

"मी मुंबईले सांगी ठेयेल शे. अमेरिकन. दोन सीट, आठ सिलिंडर. बटन दाबं का छप्पर मांगे जास."

"कोनी शे ती?"

"वकिलातीमधला साहेब मायदेशी चालना. संक्रांत झायी का गाडी आपली."

चुनीलाल हसला आणि "चांगलं शे" म्हणाला. घरी परतताना त्याच्या डोक्यात एकच आकडा होता. आठ सिलिंडर. इटालिणीला चार होते.

पाचव्या दिवशी तो मुंबईत होता. तीन दलालांकडे चौकशी केल्यावर खरोखरच वकिलातीतला एक साहेब निघाला, मायदेशी परतणारा, आणि त्याची अमेरिकन गाडीही निघाली. पांढरी, लांबलचक, दोन सीटांची, बटणावर छप्पर उघडणारी. सुकलालच्या हातची गाडी आपण उचलली, या आनंदात चुनीलालनं ती नीट चालवूनही पाहिली नाही. दोन गाड्या पोसणं जमण्यासारखं नव्हतं. इटालीण त्यानं नंदुरबारच्या दगा दलालामार्फत विकली. घेणारी पार्टी सुरतेची आहे, असं दगा म्हणाला. गाडी न्यायला एक अनोळखी ड्रायव्हर आला. चुनीलालनं किल्ली दिली, कागद दिले, आणि हातोडा फडक्यात गुंडाळून कोठीच्या खोलीत नेला.

नव्या गाडीचं सुकाणू डाव्या हाताला होतं. चुनीलाल दर वेळी सवयीनं उजव्या दाराशी जायचा, दार उघडायचा आणि मग वळसा घालून पलीकडे जायचा. रस्त्यानं लोक उजव्या बाजूला बघून रामराम घालायचे. तिथे प्रमिलाबाई बसलेली असे. पहिल्या दिवशी तिनं पदर सावरला. दुसऱ्या दिवशी ती हात जोडून रामराम घेऊ लागली.

"लोकेसले वाटस गाडी मन्ही शे," ती म्हणाली.

"वाटू दे," चुनीलाल म्हणाला, पण त्याला ते लागलं.

संक्रांतीनंतर तीन दिवसांनी सकाळी तो मळ्यात उभा असताना केळींच्या पलीकडून एक आवाज आला. इंजिन सुरू झालं, एकदा खोकलं, मग बारीक आवाजात गुरगुरू लागलं. चुनीलालला तो आवाज झोपेतही ओळखता आला असता. गाडी सुकलालच्या गावातून निघाली, वडाच्या वळणावर गिअर खाली आला आणि तो अगदी नेमका बसला. वेडावाकडा बसला असता तर चुनीलालला बरं वाटलं असतं.

सुरतेची पार्टी म्हणजे सुकलाल होता.

त्या दिवसापासून चुनीलाल रोज सकाळी मळ्यात जाऊन तो आवाज ऐकू लागला. गावात कुणी म्हणालं, "पाटील, तुम्हनी लाल गाडी सुकाभाऊकडे भलती झकास पळस," तर तो अर्ध्या ताटावरून उठायचा. पांढऱ्या गाडीचे आठही सिलिंडर बिनतक्रार चालत होते. पंक्चर झालं तर चाकाला पाच साधे नट होते आणि कुठल्याही पान्यानं ते निघत. तिला चुनीलालची गरज नव्हती. इटालिणीला होती. एक ना एक दिवस तिचं चाक पंक्चर होऊन बसेल आणि सुकलालजवळ हातोडा नसेल, या एका विचारावर तो दिवस काढत होता. कोठीतला हातोडा आता त्याच्या सीटखाली आला होता.

वैशाखात नवापूरकडे नात्यातलं लग्न निघालं. चुनीलाल आणि प्रमिलाबाई पांढऱ्या गाडीतून निघाले. दुपारी विसरवाडीच्या तिठ्यावर त्यांना माणसांचं कोंडाळं दिसलं आणि कोंडाळ्याच्या मध्ये लाल रंग.

इटालिणीचं डावं मागचं चाक बसलं होतं. पंक्चरवाला आमशा हातात लोखंडी घण घेऊन उभा होता आणि सुकलाल त्याच्या आणि चाकाच्या मध्ये.

"घण नको रे बाबा! पंख तुटी जाई!"

"मग काय फुकीसन काढू?" आमशा म्हणाला. लोक हसले. एस.टी.चा एक कंडक्टर म्हणाला, "शेठ, गाडीले दोरी बांधा, बैल आना!"

चुनीलालनं गाडी थांबवली. हाच तो क्षण. चार महिने त्यानं याची वाट पाहिली होती, पण सुकलालचा घामेजलेला चेहरा पाहून जेवढं वाटायला हवं होतं तेवढं समाधान त्याला वाटलं नाही. त्यानं सीटखालून फडकं काढलं.

"सरका," तो म्हणाला.

सुकलालनं हातोडा पाहिला. "हातोडा तुम्हनाजोडे व्हता, चुनीभाई?"

"दावं शे ते. दावं देतस का कोनी?"

लोकांना ते पटलं. दोघातिघांनी मानाही डोलावल्या.

चुनीलाल गुडघ्यावर बसला. नट ठोके मारून सोडला, चाक काढलं, पाठीमागचं जादा चाक चढवलं. बोटांना सगळं आठवत होतं. तारा कोमट होत्या. पत्र्यावर जिथे त्याचा तळहात टेकायचा तिथे आता दुसऱ्या कुणाच्या तळहाताची झळाळी होती. त्यानं नट बोटांनी बसवला आणि ठोकायला सुरुवात केली. एक. दोन. तीन.

रंजनाबाई बहिणीजवळ उभी होती. तिला वाटलं, आता सगळं हसण्यावारी नेता येईल.

"ताई, दाजी आजून रागमाच दिसतस," ती हसत म्हणाली. "यास्नी कुठली अमेरिकन गाडी सांगेल व्हती! मुंबई तरी कोनी देखी? दाजी हिले सोडाले पाहिजे, म्हनीसन यात्रामा थाप मारी दिधी."

"गप वं," सुकलाल म्हणाला, पण त्यालाही हसू आवरलं नाही.

चार.

चुनीलाल उठला. हातोडा फडक्यात गुंडाळला. "झायं," तो म्हणाला.

कोंडाळ्यातल्या कुणी ठोके मोजले नव्हते. सुकलालनं "उपकार झायात" म्हटलं, रंजनाबाई डाव्या सीटवर बसली, बरोबर त्या चाकाच्या पुढे, आणि इटालीण धूळ उडवत निघून गेली. पुढे दोन मैलांवर उतार होता, उताराच्या पायथ्याशी वळण आणि वळणाला लागून अरुंद पूल.

चुनीलालनं गाडी सुरू केली. पुढे लाल ठिपका होता. तिकडून आवाज येत होता, आणि इतक्या लांबूनही तो गोडच होता. प्रमिलाबाई त्या ठिपक्याकडेच पाहत होती. मग म्हणाली,

"सात राहतस ना?"

त्यानं नजर रस्त्यावरच ठेवली.

"सात वरीस मी बाजूले उभी राहेल शे. तुम्ही चारच मारात." तिचा आवाज चढला नाही. "मन्ही बहीण शे त्यामा."

चुनीलालनं पाय खाली दाबला. आठ सिलिंडर एकदम जागे झाले. या गाडीत एवढा जोर आहे हे त्याला माहीत नव्हतं, चार महिन्यांत त्यानं तो मागितलाच नव्हता. बाभळी मागे पळू लागल्या. उताराच्या माथ्यावर तो डाव्या अंगानं लाल गाडीच्या बरोबरीला आला आणि ते चाक त्याच्या नजरेला पडलं. मधला नट गोल फिरत होता, पण त्याच्याबरोबर चाक किंचित डावीउजवीकडे झुलत होतं. हॉर्न दाबून धरत तो पुढे गेला आणि गाडी रस्त्यात आडवी घातली.

सुकलालनं कचकन ब्रेक दाबला. "काय झायं? शर्यत लावानी शे का?"

चुनीलाल हातोडा घेऊन चाकाजवळ बसला. पाच. सहा. सात. प्रत्येक ठोक्याला नट थोडा थोडा सरकला, आणि शेवटच्या ठोक्याला आवाज बदलला, घट्ट झाला. तो आवाज त्यालाच नव्हे, सुकलाललाही कळला.

सुकलाल दाराला धरून उभा होता. त्यानं चाकाकडे पाहिलं, मग पुढच्या उताराकडे, मग बायकोकडे.

"कितला राहेल व्हतात?" त्यानं हळूच विचारलं.

"तीन."

चुनीलालनं हातोडा रंजनाबाईच्या मांडीवर ठेवला. फडकंही परत घेतलं नाही. "सात मारजो," तो सुकलालला म्हणाला. "सहा नही, आठ नही."

तो आपल्या गाडीकडे आला आणि सवयीनं उजवं दार उघडलं. आत प्रमिलाबाई बसली होती. ती हसली नाही आणि सरकलीही नाही.

"तथाइन," पलीकडच्या दाराकडे बोट दाखवत ती म्हणाली.

दार लावून तो वळसा घालून पलीकडे गेला.