काढावा लागत नाही असा पडदा

घराला खिडकी नव्हती तोवर कुंताच्या संसारात काही दुखत नव्हतं.

मालगुजारांची जमीनदारी गेली, तलाव सरकारचा झाला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात डोमाने जुनं खोपट पाडून कवेलूचं म्हणजे कौलांचं घर बांधलं. धानोऱ्याकडे जाणाऱ्या सडकेला लागूनच. मासेमारी करणाऱ्या धिवरांच्या घरांना तोवर खिडकी माहीत नव्हती. भिंतीत धूर जायला हाताएवढं भोक असलं की झालं. डोमाला मात्र जाळं विणायला उजेड पाहिजे होता. त्याने सडकेच्या बाजूला चांगली रुंद खिडकी ठेवली, सागाची चौकट बसवली आणि ‘फळ्या मिळाल्या का दारं लावू’ म्हणाला. फळ्या मिळाल्या नाहीत. चौकट उघडीच राहिली.

समोर, सडकेच्या पलीकडे, रुखमाबाई म्हातारीचं घर. त्या घराच्या खिडकीत वर्षभर कोंबड्यांशिवाय कोणी दिसलं नाही. मग धानोऱ्याकडच्या गावी नवऱ्याला सोडून म्हातारीची भाची आली. मैना. वयाने कुंताहून धाकटी, केसांनी दुप्पट. सकाळी ती ओसरीवर केस विंचरायला बसली की डोमा खिडकीत जाळं घेऊन बसलेला असे. तो आधीही तिथेच बसायचा. पण आधी समोर कोंबड्या होत्या.

कुंताला मूलबाळ नव्हतं. बाईचं पोट रिकामं राहिलं की गाव तिच्या घरात दुसरी बाई बसवायला निघतं, आणि ज्यांच्या स्वतःच्या घरात धड काही चालत नाही तेच यात सर्वांत पुढे असतात. तलावाच्या पारीवर, बांधाच्या दगडांवर, बायका धुणं आपटता आपटता कुंताला ऐकू जाईल इतक्याच हळू बोलायच्या.

‘समोरची ते सोडून आलेली. पाट लावाले मोकळी हाय.’

‘डोमाजीले काय कमी हाय? घर हाय, खिडकी हाय.’

मग हसायच्या. सोडून आलेल्या बाईशी पाट लावायला ना वाजंत्री लागत, ना मांडव. चार पंच बसले, नवं लुगडं दिलं, झालं. दिल्लीत म्हणे एका नवऱ्याला एकच बायको असा कायदा होत होता. दिल्ली दूर, मैना सडकेपलीकडे.

कुंताने खिडकीवर आपलं जुनं लुगडं बांधलं.

‘हे काय व?’ डोमा म्हणाला.

‘फुफाटा येते. लॉऱ्या पाहा किती जाऊन राह्यल्या.’

ते खरंही होतं. जंगलातून बांबू अन् लाकूड घेऊन लॉऱ्या धावायच्या आणि लाल धूळ भातावर येऊन बसायची. पण लुगड्याची खोड अशी की धूळ तेच आधी खातं. बाहेरून सडकेची माती, आतून चुलीचा धूर. आठ दिवसांत कुंकवाने पुसलेल्या तव्यासारखं दिसू लागलं. काढून धुवावं लागलं. धुतलं की वाळायला अर्धा दिवस, आणि त्या अर्ध्या दिवसात खिडकी उघडी. कुंता पारीवरून परत आली तेव्हा डोमा गाठी मारत बसला होता आणि समोर मैना ओले केस झटकत होती. डोमाच्या हातातली गाठ चुकली. गाठ चुकलेली धिवराच्या बायकोला दिसत नाही असं होत नाही.

तिने तरट लावलं. तरटातली धूळ झटकून निघेना आणि पहिल्याच सर्दाव्यात त्याला कुबट वास आला. शिंदीची चटई लावली. तिच्यात झुरळांनी घर केलं. काहीही लावा, कधी ना कधी ते काढून साफ करायला लागायचं, आणि काढलं की समोर मैना.

मासे द्यायला कुंता जंगलखात्याच्या बंगल्यावर जायची. एकदा तिथल्या व्हरांड्यात तिने हिरवे पडदे पाहिले. बारीक बारीक कामट्या सुताने बांधलेल्या, छतापासून खालपर्यंत. चौकीदार बापूजी ओल्या फडक्याने ते पुसत होता. वरून खाली हात फिरवला की धूळ फडक्यात.

‘बापूजी, हा धुवाले कधी काढता जी?’

‘धुवाले? हा चिकाचा पडदा होय. याले काढा नाई लागत. टांगल्या जागी पुसाचा. लय झालं तर गुंडाळून वर बांधाचा.’

‘कधीच काढा नाई लागत?’

‘साहेब बदलले, चार गेले. पडदा तोच हाय.’

तिने टोपलीतला एक चांगला मरळ मासा बापूजीच्या हातात जास्तीचा ठेवला. बापूजीला कळलं नाही का ते.

घरी येऊन तिने डोमाला सांगितलं. बांबू घरचाच म्हणायचा, हातात कसब होतं. पावसाळ्यात तलावाच्या सांडव्यावर मासे वाहून जाऊ नयेत म्हणून बांबूची ताटी लावतात, ती गावात सगळ्यांत चांगली डोमा बांधायचा. त्याने बांबू फोडला, कामट्या तासल्या, बांधल्या आणि पडदा खिडकीत टांगला. कुंताने पाहिलं आणि कपाळाला हात लावला. दोन कामट्यांत बोट जाईल एवढी फट. सांडव्यावर बांधतात तशीच. पाणी जावं, मासा राहावा, या हिशेबाने आयुष्यभर चाललेला हात. तो घरातही तसाच चालला.

‘हे काय बांधलं? मले का मासे अडवाचे हायेत?’

‘मंग काय अडवाचं हाय तुले?’

डोमा हसत होता. कुंताच्या जिभेवर नाव आलं आणि तिने ते गिळलं.

‘धूळ,’ ती म्हणाली.

‘धूळ! बरं. धुळीले बारीक बांधा लागन.’

त्याने दुसरा बांधला. कामटीला कामटी चिकटवून. त्याला मेहनत लागली, पण पडदा असा झाला की बंगल्यावरचा त्याच्यापुढे काहीच नाही. कुंता रोज सकाळी चूल पेटवायच्या आधी ओल्या फडक्याने तो पुसायची. पाणी भरायला जाताना सडकेवरून वळून पाहायची. बाहेरून खिडकी काळीकुट्ट. आत डोमा बसलाय की बैल, काही कळत नव्हतं. तिच्या जिवाला थंडावा मिळाला. डोमा पडद्यामागेच जाळं विणत बसे. ‘आत्ता मस्त थंडं लागते,’ म्हणे.

मग एकदा तो बाजाराला गेला असताना कुंता सुपात तांदूळ घेऊन त्याच्या जागी बसली. सहज मान वर केली. कामट्यांच्या बारीक फटींतून समोरचं सगळं अंगण दिसत होतं. ओसरी, रांजण, वेलीवरचं दोडकं. ओसरीवर मैना, पदर खांद्यावरून उतरलेला, कारण तिला वाटत होतं आपल्याला कोणी पाहत नाही. बाहेर ऊन, आत अंधार. अंधारातल्याला उजेडातलं सगळं दिसतं आणि उजेडातल्याला अंधारातलं काही नाही. शिकारी याच हिशेबावर पानांच्या आडोशाने मचाणावर बसतात. तिच्या बापाच्या पिढीपासून हे जंगलातल्या पोराटोरांना माहीत. आणि तिने आपल्या नवऱ्याला स्वतःच्या हाताने मचाण बांधवून दिलं होतं. वर ते रोज पुसूनही देत होती!

सुपातले तांदूळ जमिनीवर गेले.

पडदा फाडून चुलीत घालावा, असं तिच्या मनात आलं. घातला नाही. कारण तोवर तिलाही त्या जागेची चव लागली होती. डोमा तलावावर गेला की ती तिथे बसायची. मैना काय खाते, कोणाशी बोलते, आरशात किती वेळ पाहते. हेवा म्हणजे लागलेलं व्यसन. मैनाच्या वेणीचा पेड कुंताला स्वतःच्या हातावरच्या रेषांपेक्षा जास्त ओळखू येऊ लागला. आणि एका दुपारी, तिथेच बसून, तिने डोमाला मैनाच्या अंगणात शिरताना पाहिलं. हातात कामट्यांचा भारा.

तो ओसरीवर बसला. दिवसाढवळ्या. मैनाच्या खिडकीचं माप त्याने हाताच्या वितीने घेतलं आणि पडदा बांधायला लागला. मैना सूत देत होती. तिचं बोट आणि त्याचं बोट एका सुतावर. मध्येच डोमा काहीतरी बोलला, मैना थांबली, आणि आत निघून गेली. काय बोलला ते ऐकू आलं नाही. पडदा दाखवतो, ऐकवत नाही.

संध्याकाळी डोमाने विचारल्याशिवायच सांगितलं, ‘तिनं मागतला. तिले वाटते का समोरून कोनी पाह्यते.’

‘कोन पाह्यन तिले?’ कुंता म्हणाली.

‘तेच म्हनलं मी.’

दोघंही खोटं बोलत होती आणि दोघांनाही ते माहीत होतं.

मैनाच्या खिडकीवरचा पडदा कुंताच्याहून बारीक होता. कडेला डोमाने लाल सुताची किनार दिली होती. कुंताच्या पडद्याला किनार नव्हती. तिने मागितली नव्हती हे खरं. पण मैनाने तरी कुठे मागितली होती? मैना आता ओसरीवर बसेना आणि पडद्याआडचं कुंताला काही दिसेना. न दिसणाऱ्या घरात तर वाटेल ते होऊ शकतं. तिचं जेवण तुटलं. शेवटी एका संध्याकाळी डोमा तलावावरून यायच्या आत ती सडक ओलांडून गेली. जाताना चुलीपाशी कंदील पेटवून ठेवला होता.

रुखमाबाई परसात होती. मैना खिडकीशी बसली होती.

‘ये,’ मैना म्हणाली. जशी वाट पाहत होती.

‘बसाले नाई आली मी. इचाराले आली.’

‘मंग पहिले हे पाह्य.’ मैनाने तिचा हात धरून खिडकीशी ओढलं.

समोर कुंताचं घर होतं. आत कंदील, बाहेर तिन्हीसांज. पडदा होता, पण नसल्यासारखा. चूल दिसत होती, उतरंड दिसत होती, डोमाची बसायची जागा, तिचं ताट. कुंताने पडद्याला बोट लावून पाहिलं.

‘रोज?’

‘रोज. तू दिवसा मले पाह्यतं, मी सांजेले तुले पाह्यतो. तू वाढतं. तो आपल्या ताटातला माशाचा तुकडा उचलून तुह्या ताटात टाकते. माह्या नवऱ्यानं मले कधी...’ मैना थांबली. ‘जळते व माहं मन. सांगतो तुले खरं. तुह्यावर जळतो मी.’

आपल्यावर कोणी जळू शकतं हे कुंताला कधी सुचलं नव्हतं. क्षणभर, लाजेची गोष्ट आहे पण खरी आहे, तिला बरं वाटलं.

‘पाट लावनार काय त्याच्यासंग?’

‘त्यानं इचारलं. पडदा बांधता बांधता.’

‘अन् तू?’

‘मी म्हनलं, कुंताले इचारलं का? तर म्हने, तिले कायले इचाराचं.’

इतके महिने कुंता मैनाच्या केसांवर जळत होती, किनारीवर जळत होती. आता ती सगळी आग एका ठिकाणी गोळा झाली आणि त्या ठिकाणी मैना नव्हती. ती सडक ओलांडून परत आली.

डोमा आला, पाय धुतले, ताटावर बसला. कुंताने वाढलं. त्याने सवयीने माशाचा तुकडा उचलला.

‘ठेवा तुमच्याच ताटात.’

‘काऊन?’

‘तिले कायले इचाराचं, म्हनलं ना तुमी? मंग सांगा, मले कायले नाई इचाराचं?’

डोमाचा हात तुकड्यासकट हवेत राहिला. मग त्याची नजर खिडकीकडे गेली, कंदिलाकडे आली, आणि समोरून सगळं दिसतं हे त्यालाही समजलं. तो हात लांब करून कंदिलाची वात खाली करायला गेला. कुंताने कंदील उचलला आणि खिडकीच्या चौकटीवर नेऊन ठेवला.

‘राहू द्या उजेड. बोला. समोर बी ऐकू जाईन असं बोला.’

त्याने तुकडा आपल्या ताटात परत ठेवला.

‘मले लेकरू पाहिजे होतं,’ तो म्हणाला.

‘मले नव्हतं पाहिजे? मी गेली काय कोनाच्या अंगनात त्याच्यासाठी सूत धराले?’

‘कुंते...’ डोमा म्हणाला.

समोरचं दार वाजलं. मैना सडकेच्या मधोमध येऊन उभी राहिली. आजवर ती त्याला ‘डोमाजी’ म्हणायची.

‘डोमाभाऊ,’ ती मोठ्याने म्हणाली, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं, ‘माहं उत्तर आयकून घ्या. नाई. पाटाची गोष्ट पुन्हा माह्या दारात आनू नका.’

आजूबाजूच्या घरांत भांड्यांचे आवाज थांबले. मैना परत गेली. डोमा मान खाली घालून बसला होता. कुंताला सुटल्यासारखं वाटायला पाहिजे होतं. थोडं वाटलंही. पण भाऊ म्हणून टाकायला मैनाला एवढा उशीर का लागला, हेही तिच्या मनात आल्याशिवाय राहिलं नाही. आणि एकीने नाकारलं म्हणून जो दुसरीकडे उरला, तो माणूस समोर ताटावर बसला होता.

‘जेवा,’ ती म्हणाली.

तो जेवू लागला. ती त्याच्याबरोबर बसली नाही. आपलं ताट घेऊन ती दाराबाहेर ओसरीवर गेली आणि सडकेकडे तोंड करून, उघड्यावर, एकटी जेवली.