काळ्या फळांचं कुरण

त्या हिवाळ्यात ऐन थंडीत पाऊस पडला, मग सगळं गोठलं. बर्फाच्या टणक थराखालचं दगडफूल आमच्या रेनडिअरना उकरता येईना. बहुतेक कळप उपाशी मेला. मूठभर माद्या उरल्या.

"यांना गवत मिळालं तर निभतील," माझा थोरला भाऊ आइलू म्हणाला, आणि उन्हाळ्यात कुदळ घेऊन जुन्या कुरणातली क्रोबेरीची झुडपं उपटायला लागला.

आजीच्या काळी तिथे माद्या दोहत. त्यांच्या लेंड्यांवर गवत माजायचं. दोहणं थांबलं आणि क्रोबेरीने हळूहळू कुरण गिळलं. तिची काळी फळं आम्ही आवडीने खातो; पाला मात्र रेनडिअर तोंडात धरत नाहीत. झडलेला पाला कुजतही नाही. खाली आंबट थर साचतो, त्यात दुसरं काही तग धरत नाही.

शेजारचा बिएरा येताजाता थांबायचा. "आइलू, डोंगराची हजामत चाललीय का?"

"बस इथं. पुढचा नंबर तुझाच."

मीही उपटू लागले. हात सोलून निघाले. शरद ऋतूत आम्ही गवताचं बी फेकलं.

पुढच्या उन्हाळ्यात दादा गुडघ्यांवर बसून हाक मारत होता, "सुन्ना, इकडे ये गं. आलंय बघ." खरंच हिरवे कोंब होते. वडील गेल्यापासून तो असा हसलेला मी पाहिला नव्हता.

कोंब बोटभर वाढले आणि पिवळे पडले. एकही टिकला नाही. कडेने क्रोबेरीचे धुमारे पुन्हा आत सरकत होते. त्या वर्षी माद्यांना एकच पिल्लू झालं, तेही गरुडाने नेलं.

"दादा, पुढल्या वर्षी चुना घालून बघू या."

"कुणासाठी?" तो म्हणाला.

थंडी पडायच्या आत त्याने माद्या बिएराच्या कळपात दिल्या. त्यांच्या कानांवर आमच्या वडिलांची मालकीची खूण कोरलेली होती. बिएराने तीवर आपली खूण कापली. दादाने एकेक डोकं स्वतः धरलं. बिएरा त्या दिवशी एकदाही चेष्टा करून बोलला नाही. शेवटची मादी सुटल्यावर तो पुटपुटला, "चहा घेऊन जा रे."

"नको," दादा म्हणाला.

तो आता किनाऱ्यावर मासळीच्या कारखान्यात आहे. विण्याच्या हंगामात मी फोन करते. इकडचं तो काही विचारत नाही, मीही सांगत नाही.