हवालदारांचा आंबा, सुभेदारांचं जांभूळ

आकाराम हवालदारांना अर्जुना सुभेदारांचं काही म्हणता काही बघवत नसे. दोघं एकाच वर्गातले, एकाच दिवशी भरतीला उभे राहिलेले, एकाच पलटणीत गेलेले. पण एक परतला हवालदार म्हणून आणि दुसरा सुभेदार होऊन. तेव्हा हवालदारांच्या पोटात जे दुखायला लागलं, ते थांबलंच नाही. सुभेदारांच्या रानात ऊस चांगला आला की दुखायचं. सुभेदारांच्या दारात नवी मोटरसायकल उभी राहिली की दुखायचं. त्यात घरात लीलाबाई. स्वभावानं गोड बाई, पण भाकरी वाढता वाढता सहज म्हणायची, "सुभेदार भावजी बघा, रंगूवैनीला दवाखान्यात सोता घिऊन जात्यात." झालं! हवालदारांचा घास तोंडातल्या तोंडात फिरायचा.

आमचं गाव कराडच्या खाली, कृष्णेच्या काठावर. गावानं मागेच ठरवलंय की मयताची रक्षा नदीत सोडायची नाही. काठावरच्या गावाच्या मोकळ्या जागेत खड्डा काढायचा, त्यात ती टाकायची आणि वर झाड लावायचं. असं करता करता तिथं बागच उभी राहिली. संध्याकाळी बायका फिरायला येतात, भरतीची पोरं पळायला येतात. झाडांना सगळे माणसांच्या नावानं ओळखतात.

रंगूबाई आणि लीलाबाई एकाच पावसाळ्यात गेल्या. खड्डेही शेजारीशेजारी पडले. सुभेदारांनी रक्षा मातीत कालवली आणि कुणाच्या तरी बांधावरचं जांभळाचं रोप लावून टाकलं. हवालदारांना ते फारच किरकोळ वाटलं. त्यांनी रत्नागिरीहून हापूसचं कलम मागवलं. रक्षेसाठी नवं मडकं आणलं, तोंडाला फडकं बांधलं आणि ते मडकंच खड्ड्याच्या तळाला ठेवलं. "माझी लीला दुसऱ्याच्यात मिसळायची न्हाई," असं त्यांनी सुभेदारांच्या देखत सांगितलं.

हापूसला आमची माती मानवली नाही. दोन पूर अंगावरून गेले आणि आंबा कमरेएवढाच राहिला. जांभळानं मात्र पुराचा गाळ असा काही पचवला की आता त्याच्याखाली अख्खी वरात बसेल. गेल्या दोन सालांत फळ धरलं, तेही साखरेसारखं. 'रंगूबाईची जांभळं' म्हणत लोक पदर भरून नेतात. रंगूबाई हयातीत किती तिखट बोलायची ते गावाला ठाऊक आहे, पण जांभूळ तोंडात असताना कोण कशाला बोलेल! हवालदार रोज सकाळी आंब्याला पाणी घालायचे आणि जांभळाकडे पाठ करून उन्हात बसायचे. सावली हाताच्या अंतरावर होती, तरी उन्हात. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

अशात सरपंच राजनंदिनीनं योजना मांडली. कराडच्या कॉलेजात इंजिनिअर झालेली हुशार पोरगी, कागद घेऊनच बोलते. बागेच्या जागी फरसबंद घाट, बोटिंग, हॉटेल, बारा गाळे आणि गाड्या लावायला तळ. "हायवेवरनं गाड्या जातात तशा इथं वळल्या पाहिजेत," ती म्हणाली, "आपल्या पोरांनी पुण्याला किती दिवस जायचं?" पोरांना पटलं. म्हाताऱ्यांना नाही पटलं. "पूर आला की तुझं हाटेल थेट सांगलीत जाऊन उभं ऱ्हाईल," कुणीतरी म्हणालं. "आन आमची माणसं हाईत तिथं, त्येंच्यावर गाड्या लावायच्या व्हय?" गाव सरळ दोन भागांत फाटलं. चहाच्या टपरीवरही बाग म्हणणारे एका बाकड्यावर आणि घाट म्हणणारे दुसऱ्यावर.

बागेच्या बाजूनं सुभेदार पुढं होते, म्हणजे हवालदार घाटाच्या बाजूनं हे ओघानंच आलं. लोक म्हणाले, हवालदारांना गाळा पाहिजे. गाळाबिळा काही नको होता. नकाशात गाड्यांचा तळ नेमका जांभळावर आला होता, आणि हवालदारांनी त्या चौकोनावर बोट ठेवून पाहिलं होतं. ते झाड पडलेलं त्यांना एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

पण तळाखाली आंबाही जात होता. त्यावर हवालदारांनी तोड काढली. ग्रामसभेच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, काठावर चिटपाखरू नसताना, ते टिकाव, खोरं आणि कुऱ्हाड घेऊन बागेत गेले. आंबा मुळासकट काढायचा, मडकं वर घ्यायचं आणि दोन्ही आपल्या रानात न्यायचं. मग घाटाला खुशाल हात वर करायचा. आपलं काही जाणार नाही, जाईल ते अर्जुनाचं.

आंबा लगेच निघाला. त्याला मुळं अशी नव्हतीच फारशी. पण खाली खोरं जाईना. हातानं माती उकरली तर मडक्याच्या खापऱ्या निघाल्या. रक्षा नव्हती. मडक्याच्या जागी मुळांचा गच्च गोळा होता, मडक्याच्याच आकाराचा, जणू कुणी आतून विणून काढला होता. गोळ्यातून मनगटाएवढं एक मूळ बाहेर पडत होतं. हवालदार गुडघ्यांवर रांगत माती बाजूला करत त्याच्या मागे गेले. मूळ थेट जांभळाच्या बुंध्याला जाऊन भिडलं होतं.

हवालदार तिथंच बसले. जांभळाच्या सावलीत बसलोय हेही त्यांच्या ध्यानात आलं नाही. हयातभर ही बाई त्याचं कौतुक करत राहिली, आणि मेल्यावरही त्याच्याच झाडात जाऊन बसली! त्यांना इतका राग आला की कुऱ्हाड उचलून ते मुळावर उभे राहिले. हात वर गेला आणि वरच राहिला. घाव घालायचा तर कुणावर? त्यांनी वर बघितलं. एवढा मोठा विस्तार, हिरवागार, आणि त्यात लीला. आपल्या कमरेएवढ्या आंब्यात ती कधी नव्हतीच. आपण रोज तिच्याकडेच पाठ करून बसत होतो. म्हातारा मग लहान पोरासारखा रडला. आंबा पोत्यात घालून ते घरी गेले, खड्डा तसाच उघडा राहिला.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणावर ग्रामसभा भरली. सुभेदार पहिले बोलले. त्यांना भाषण येत नाही. "माझी रंगू हाय तिथं," एवढंच म्हणाले आणि खाली बसले. राजनंदिनीनं मान खाली घातली. मग हवालदार उठले, तशी घाटवाल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"टाळ्या नगं," हवालदार म्हणाले. "घाट नगं. हाटेल नगं. त्या जांभळाच्या फांदीला कुणी हात लावला तर हात ऱ्हायचा न्हाई त्येचा."

घाटाकडची माणसं हवालदारांकडं बघून चुळबुळायला लागली, आणि हात वर करायची वेळ आली तेव्हा त्यांतले बरेच हात खालीच राहिले. बाग राहिली. राजनंदिनीनं कागद गुंडाळले आणि पुढच्या खेपेला गाळे स्टँडजवळ मांडू म्हणाली.

सुभेदार गर्दीतून वाट काढत आले आणि त्यांनी हवालदारांचे दोन्ही हात धरले. डोळे भरून आले होते. "गड्या, माझ्या रंगूसाठी उभा ऱ्हायलास. जल्मात इसरायचो न्हाई."

हवालदारांनी हात सोडवून घेतले. "तुझ्या रंगूसाठी कोण उभं ऱ्हातंय? माझी लीला हाय त्या झाडात. मूळ माझ्या खड्ड्यात हाय. मडकं फोडून सगळी घेतली त्येनं."

"काय बोलतूस?"

"चल, दावतो."

दोघं बागेत गेले. सुभेदार उघड्या खड्ड्यापाशी वाकले. त्यांनी मुळांचा गोळा बघितला, एक खापरी उचलून खाली ठेवली आणि जाड मुळावरून हात फिरवत बुंध्यापर्यंत गेले. हवालदार छाती काढून उभे होते. इतकी वर्षं अर्जुनाचं म्हणून ज्याचं कौतुक झालं, त्यात आता त्यांचा वाटा निघाला होता, आणि तो लपवता येण्यासारखा नव्हता.

सुभेदारांनी बुंध्यालाही हात लावून बघितला. मग त्यांनी हवालदारांकडं बघितलं. हवालदारांना ती नजर लगेच ओळखता आली, कारण ती त्यांची स्वतःची होती. पलटणीपासून त्यांनी अर्जुनाकडं अशाच नजरेनं बघितलं होतं.

"म्हंजे ह्यात माझी रंगू तेवढी कमी झाली म्हन की," सुभेदार म्हणाले.

अर्जुनाचं काहीतरी कमी व्हावं, एवढंच हवालदार जन्मभर मागत आले होते. आता ते झालं होतं आणि त्यांना कुठं बघावं ते कळेना. "आरं, तसं न्हाई रं," ते म्हणाले, पण मग कसं आहे ते त्यांना सांगता येईना.