फोटो साफ, दुखणं खरं

मित्रांनो, मी एक जुना एमआरआय आहे, माणसाच्या आतलं चित्र काढणारा. समुद्रापलीकडच्या कारखान्यात मी घडलो. आदिलाबादच्या या तपासणी केंद्रात मला आणलं, तेव्हा दारातून मावेना म्हणून भिंत फोडावी लागली. माझ्या पोटात जबरदस्त लोहचुंबक आहे. मी ठकठक करू लागलो की धीट माणसंही डोळे मिटून घेतात. मेंदूतली गाठ, रक्ताची गुठळी मी दाखवली आणि लोक मला हात जोडू लागले. हळूहळू त्यांनी मला न्यायाधीशच करून टाकलं. हे मात्र मला कधीच मान्य नव्हतं.

तामसी गावची सुनयना नेरडीगोंड्याच्या शाळेत गणित शिकवायची. तिला स्किझोफ्रेनिया होता. जवळ कुणी नसताना शिव्या देणारे आवाज तिला ऐकू येत. वरच्या मजल्यावर बसणाऱ्या मनोविकारतज्ज्ञ डॉ. जान्हवींच्या गोळ्यांनी ते आवाज मागे हटले आणि ती पुन्हा फळ्यासमोर उभी राहिली. पण थोरल्या भावाला, रविकांतला, त्या गोळ्यांची लाज वाटे. मेंदूत काही दिसलं तरच औषध, असं बजावून तो तिला माझ्याकडे घेऊन आला.

फोटो साफ निघाला.

"पाहा!" रविकांत गरजला. "काईच नाई. सारं नाटक होय. आजपासून गोळ्या बंद!"

डॉ. जान्हवी खाली आल्या. "गाठबीठ नाही ना, एवढंच यात पाहायचं होतं," त्या म्हणाल्या. "शेकडो रुग्णांचे आणि शेकडो निरोगी माणसांचे फोटो ताडून पाहिले, तर सरासरीत फरक दिसतो. रुग्णांच्या मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या थोड्या मोठ्या, बाहेरचा थर जरा पातळ. नैराश्यातही काही फरक सापडतात. पण एकट्या माणसाच्या फोटोवरून हा आजार ठरत नाही. दोन गावांचा कापूस गाड्या भरून तोलला तर फरक कळेल. एक बोंड पाहून गाव सांगाल का?"

"मंग हे यंत्र कायले ठेवलं?"

सुनयना उठली. "दादा, ते आवाज मी आयकले, यंत्रानं नाई. मी काऊन खोटं बोलू? गोळ्या मी घेईन. घरात ठेव, नाई तं नको ठेवू."

ती एकटीच बसनं निघून गेली. शाळेजवळ तिनं खोली केली. भाऊ बोलेनासा झाला. तिनं ना शाळा सोडली, ना गोळ्या.

पुढे ती मयूरीला घेऊन आली. मयूरी तिच्याच शाळेतली शिक्षिका. कधी महिनाभर अंथरुणातून उठवेना, कधी दिवसचे दिवस झोपेवाचून बेफाम. डॉ. जान्हवींनी तिलाही औषध सुरू केलं होतं. सोबत नवरा, करण, कुरकुरत होता, "फोटोत काई नाई निघालं तं औषध बंद कराचं."

"करणभाऊ," सुनयना म्हणाली, "फोटो साफ आला तं देवाले हात जोडा. औषध सुरूच राहीन. तुमी बंद केलं तं मी आणून देईन."

करणनं मान फिरवली. मयूरी मात्र हसली आणि न घाबरता माझ्या फळीवर आडवी झाली.

मित्रांनो, आता माझा रंग उडाला आहे. नवं यंत्र येणार, मी भंगारात जाणार. जाण्याआधी निक्षून सांगतो. शरीराची काळजी घेता, तशी मनाचीही घ्या. आणि कुणाचं दुखणं खोटं ठरवायला माझा फोटो पुढे करू नका. त्या निकालावर मी सही करणार नाही.