तोंडात टाचण्या

माझे बाबा शिंपी होते आणि माणसं पाठीवरून ओळखायचे. चेहऱ्यावर त्यांचा विश्वास नव्हता. म्हणायचे, "आरशासमोर उभं केलं की गिऱ्हाइकाचा चेहरा बदलतो. पाठीला आरसा दिसत नाही, म्हणून ती खोटं बोलत नाही." एकदा बसथांब्यावर त्यांनी एकाला मागूनच हटकलं, "काय साहेब, उजवा खांदा अजून अर्धा इंच उतरलेलाच?" तो माणूस अकरा वर्षं बायकोपासून लपून राहत होता. दाढी वाढवली होती, नाव बदललं होतं, खांदा मात्र तोच. दुसऱ्या दिवशी बायको त्याच्या दारात. यातलं निम्मं खरं आहे. कुठलं निम्मं, ते विचारू नका.

विद्यापीठाच्या नाट्यविभागात नाव घालणार असं मी घरी सांगितलं, तेव्हा बाबा कुणाच्या तरी कोटाला अस्तर लावत होते. त्यांनी मशीन थांबवलं, चष्मा काढला आणि आईकडे बघितलं, जणू तिनेच मला फूस लावली होती.

"नाटकात?"

"विभाग आहे बाबा. पदवी मिळते."

"तोंड रंगवायची पदवी." त्यांनी चष्मा पुसला. "अर्धं गाव माझ्या टेपखालून जातं. उद्या जो येईल तो माप देता देता तुझ्याबद्दल बोलणार. 'मास्तर, पोरगी काल काय नाचली.' आणि मी काय करू? माझ्या तोंडात टाचण्या. उत्तर देता येतं का?"

हे मात्र खरं होतं. कपडा अंगावर बेतताना बाबा मूठभर टाचण्या ओठांत धरायचे, आणि त्या असेपर्यंत जगात कुणाला काही म्हणायची त्यांना सोय नसायची. आई सगळे अवघड विषय तेव्हाच काढायची. मामाला घरात ठेवून घेणं, रेडिओ, मागच्या अंगणातली बदकं, सगळं टाचण्यांच्या काळात मंजूर झालेलं. माझं प्रकरण तेवढं मी चुकीच्या वेळी काढलं.

 तिसऱ्या दिवशी अट पडली. "पडद्यामागे काय हवं ते कर. रंगमंचावर तुझं तोंड दिसता कामा नये. दिसलं की शिक्षण बंद, आणि दुकानात काज-बटणाला बसायचं."

पडद्यामागे सुतारकाकांचं राज्य होतं. विभागाचे सुतार, तिथलं प्रत्येक दार, खिडकी, सिंहासन आणि तुरुंग त्यांच्या हातचा. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हातात झाडू दिला. "ज्याने रंगमंच झाडला नाही, त्याने त्यावर शिंकूसुद्धा नये." मी दोन वर्षं झाडलं. कापडी भिंती रंगवल्या, पडदा ओढला, पेट्यांतल्या जुन्या कपड्यांना इस्त्री केली. वादळासाठी टांगलेला पत्रा मी असा हलवायचे, की पलीकडच्या वसतिगृहातली मुलं धावत येऊन वाळत घातलेले कपडे काढायची. आणि तालमीच्या वेळी विंगेत संहिता धरून बसायचं. कुणी अडलं की पुढचं वाक्य पुरवायचं. सगळ्यांची सगळी वाक्यं माझ्या पोटात, आणि तोंड बंद.

तिसऱ्या वर्षी जे नाटक बसलं त्यात शहराच्या मनोऱ्यावरच्या घड्याळाला चावी देणारी एक बाई होती. तिला हुकूम येतो, घड्याळ रोज संध्याकाळी दहा मिनिटं मागे ठेव, म्हणजे कारखान्यात लोक दहा मिनिटं जास्त राबतील. ती चावी द्यायचीच बंद करते. मग खटला. दोन अंक, दोन्ही कोर्टातच, आणि शेवटी तिचं भाषण.

प्रयोगाला अकरा दिवस उरले आणि नायिकेला गालगुंड झाले. चेहरा असा सुजला, की ती एकटी आली तरी दोघी आल्यासारख्या वाटायच्या. नाटक बसवणारे आमचे सर उंच, बारीक. रागावले की आवाज चढवायचे नाहीत, हातातला खडू मोडायचे. त्या दिवशी त्यांनी अख्खी पेटी मोडली.

सुतारकाका रंधा मारता मारता म्हणाले, "ही पोरगी तिच्याआधी वाक्य म्हणते. रोज ऐकतो मी."

मी सरांना अट सांगितली. सरांनी पेटीतला वाचलेला शेवटचा खडू न मोडता फळ्यावर कोर्ट काढलं आणि पुसून उलटं काढलं. न्यायाधीश मागे, उंचावर. आरोपीचा पिंजरा पुढे, प्रेक्षकांच्या नाकासमोर. "आरोपीने न्यायाधीशाकडेच बघायचं असतं. तोंड दिसणार नाही."

"आणि शेवटचं भाषण? ते तर शहरातल्या लोकांना आहे."

"तेही न्यायाधीशालाच म्हण. नाटक थोडं लंगडेल, पण चालेल."

मी होकार दिला. पण ते भाषण न्यायाधीशाला म्हणणं मला पटलं नाही ते नाहीच. घरी मी काहीच सांगितलं नाही. अट मोडत नव्हते, तर सांगायचं कशाला?

प्रयोग दुपारी तीनचा होता. बाबा आले. ज्यांच्या कोटाला तेव्हा अस्तर लावत होते त्या प्राध्यापकांनी पास दिला होता, आणि पोरीने हलवलेला पत्रा ऐकायला म्हणून ते तिसऱ्या रांगेत कडेला बसले. मी पेटीतला लांब कोट चढवून प्रेक्षकांकडे पाठ ठेवूनच चार पावलं चालले आणि पिंजऱ्यात उभी राहिले. मागून एक खोकला आला. कापड चुकीचं कापलं गेलं की बाबा तसं खोकायचे.

एवढा खोकला ऐकूनही मी तो अख्खा अंक खांद्यांनी केला. चार दिवसांनी विद्यार्थ्यांच्या पत्रिकेत छापून आलं, 'पहिल्या अंकातला आरोपीचा मुद्राभिनय लक्षणीय.'

मध्यंतर झालं तसे बाबा विंगेच्या दाराशी. सुतारकाका आडवे आले. "बाहेरच्यांना मनाई आहे."

"मी बाहेरचा नाही," बाबा म्हणाले. "तिच्या अंगावरचा कोट बाहेरचा आहे."

काका बाजूला झाले. मी आधीच बोलून घेतलं, "तोंड दिसलेलं नाही."

"बघितलं."

"म्हणजे अट पाळली."

"पाळलीस. तुला वकिलीला घालायला हवं होतं." ते माझ्याभोवती फिरून मागे गेले. "हे कुणी शिवलं?"

"पेटीतलं आहे. कुठल्या तरी पहारेकऱ्याचं."

"पोतं आहे पोतं. माझ्या पोरीची पाठ, आणि तिच्यावर हे. रांगेत माझी चार गिऱ्हाइकं बसलीत. ताठ उभी राहा. श्वास सोडू नकोस."

खिशातून डबी निघाली. सवयीने मूठभर टाचण्या ओठांत गेल्या. एकोणीस होत्या. मागे एकदा सांगताना मी बत्तीस म्हटल्या होत्या, पण आज एकोणीसच धरा.

आईचीच लेक मी. "बाबा, शेवटचं भाषण लोकांसाठी लिहिलंय. मी ते लोकांकडे तोंड करून म्हणणार आहे."

"म्म."

"लपूनछपून नाही, आत्ता तुम्हाला सांगून करतेय. तुम्ही समोर बसा. मी तुमच्याकडे बघूनच म्हणणार. उद्यापासून काज-बटणाला बसवायचं तर बसवा. दिवसभर काज करीन आणि संध्याकाळी इथे येऊन झाडू मारीन. दाराला कुलूप लावलंत तर काकांकडून दार काढून घेईन."

"म्म्म." खांद्याशी कापड जरा जोरात ओढलं गेलं.

टाचण्या काढायला कितीसा वेळ लागतो? तळहात पुढे करायचा आणि ओठ उघडायचे. दुकानाला आग लागली तेव्हा त्यांनी एका क्षणात काढल्या होत्या. आता ते एकेक टाचणी सावकाश घेत होते. दुसरी घंटा झाली. कोट माझ्या अंगावर माझ्यासाठीच शिवल्यासारखा बसला. काम संपलं होतं आणि त्यांच्या ओठांत अजून सात टाचण्या होत्या.

मी वाट बघितली. त्यांनी माझ्या पाठीवरची एक सुरकुती अंगठ्याने सपाट केली आणि तसेच, मिटल्या तोंडाने, आपल्या जागेवर जाऊन बसले.

तिसरी घंटा. खटला चालला, साक्षी झाल्या, न्यायाधीशाने विचारलं, "आरोपीला काही म्हणायचं आहे?"

मी वळले. विंगेत खडू मोडल्याचा आवाज आला. डाव्या खांद्यातली एक टाचणी टोचत होती. "चावी माझ्याकडे आहे," मी म्हणाले, "आणि खोटी वेळ मी दाखवणार नाही." तिसऱ्या रांगेत कडेला, दारातून येणाऱ्या उजेडात, बाबांच्या ओठांवर सात बारीक ठिणग्या चमकत होत्या. शेजारचं गिऱ्हाईक त्यांच्या कानाशी वाकलं आणि माझ्याकडे बोट करून काहीतरी म्हणालं. बाबांनी मानही वळवली नाही.

भाषण दीड पानाचं होतं. मी आवाज चढवला.